गुलाबराव कंपाउंडरचं हार्मोन

गुलाबराव कंपाउंडर नाडी बघताना डोळे मिटून घ्यायचे. गावाला वाटायचं, काय एकाग्र माणूस आहे. मला विचाराल तर समोरच्या बाईकडे बघायची त्यांना गरजच वाटत नसे. ती ओटा चढायच्या आत त्यांचं निदान ठरलेलं असायचं.

रिसोडला एका डॉक्टरांच्या हाताखाली ते जेवढं शिकले, त्याच्या दुप्पट आम्हाला शिकवत. औषध कंपनीच्या कुणा माणसाकडून त्यांनी एक गोष्ट उचलली होती. ती ते पारावर, लग्नात, मयतीतसुद्धा ऐकवत. "बाईच्या अंगात हार्मोन राह्यते. ते नसाइले तेल देते. पन्नाशीच्या आत बाईले अटॅक येतच नाही, लिहून घ्या." अर्ध्या हळकुंडानं इतका पिवळा झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बायकांच्या बाकी सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच उपाय, गर्भाची पिशवी काढून टाका. दुसऱ्याच्या शेतात तण काढायला, निंदणाला जाणाऱ्या बायकांना ते म्हणत, "लेकरं झाले ना? मंग ते कायले ठेवता? दर महिन्याची कटकट, निंदाची मजुरी बुडते." माझी माय त्यातलीच. पस्तिशीत त्यांनीच तिला वाशीमला नेऊन ऑपरेशन करवलं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, हे मायला कुणी सांगितलं नाही. गुलाबरावांना ठाऊक होतं. दवाखान्याचा कागद त्यांनीच वाचला होता.

माय त्रेचाळीसची असेल. शेतातलं सोयाबीन कापून, सोंगून दुपारी घरी आली आणि छाती दाबून बसली. जबडा दुखतो म्हणाली. घामानं साडी भिजली होती. मी जीप बोलावली, तोवर शेजारच्यांनी गुलाबरावांना आणलं. त्यांनी डोळे मिटून नाडी धरली. "काहून भेऊन राह्यली वो पोरी? गॅस झाला तिले. पन्नाशीले लय टाइम आहे." एक गुलाबी औषध पाजलं आणि जीप परत पाठवली. मी त्यांचं ऐकलं, आणि त्याबद्दल मला स्वतःचाही राग येतो.

दुखणं थांबेना म्हणून पुन्हा जीप करून संध्याकाळी वाशीमला पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा जुना व्रण पाहिला, चार प्रश्न विचारले, मी घरून आणलेला ऑपरेशनचा कागद वाचला आणि मला बाजूला घेतलं. "अंडाशयात तयार होणारं हार्मोन नसांचं आतलं अस्तर मऊ ठेवतं. अंडाशयं गेली की ते एकदम थांबतं. मग लोखंडाला गंज चढावा तसं ऑक्सिडेशन वाढतं, अस्तर खराब होतं, चरबी धरते. वय त्रेचाळीस असलं तरी हिच्या नसांची पन्नाशी कधीच उलटली होती." पहाटे माय गेली.

मायच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गुलाबराव आले. खुर्ची ओढून बसले, चहा घेतला. लाज नावाची गोष्ट त्यांच्या गावीच नव्हती.

मी समोर जाऊन उभी राहिले. "अंडाशयं काढल्याचं माहीत होतं ना तुमाले?"

"होतं. पण वय तं कमीच होतं ना तिचं."

"मंग काकूची काढली का पिशवी?" काकू म्हणजे त्यांची बायको.

"नाही वो," चहावर फुंकर मारत ते म्हणाले. "तिले कुठं निंदाले जा लागते?"

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाले, "उठा."