परवा म्हणजे?

ऑफिसात तिला सगळे 'म्हणजेताई' म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. कुणी 'फाइल वर आहे' म्हटलं की ती विचारायची, "वर म्हणजे? कपाटावर की वरच्या मजल्यावर?" लग्न ठरताना नवरा 'तू मला आवडलीस' म्हणाला, तेव्हाही तिने तेच विचारलं होतं, असं तो पाहुण्यांना सांगतो. ती नाकारत नाही.

अशा माणसाला जगात फारसं कुणी विचारत नाही, पण तिला काम मिळालं. ती ज्या हॉस्पिटलात नोकरीला होती, तिथे फोनवरच्या चौकश्यांना उत्तरं द्यायला एआय मदतनीस बसवला होता. तो बोलायला गोड, पण पेशंटबद्दल त्याला स्वतःला काडीचीही माहिती नसे. माहिती आणायला त्याच्या हाताशी टूल्स होती, एकेका कामाचे छोटे प्रोग्राम. एक झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणायचं, एक व्हायच्या तपासण्यांच्या तारखा बघायचं आणि नोंदवायचं, एक डॉक्टरांच्या वेळा. यातलं कुठलं उचलायचं, हे तो प्रत्येकाचं वर्णन वाचून ठरवायचा. नव्या माणसाने डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून स्वयंपाक करावा, तसं. प्रोग्रामरने तिन्ही डब्यांवर एकच चिठ्ठी लावली होती: 'माहिती आणतं'. डॉक्टर किती वाजता येतात असं विचारणाऱ्या एका गृहस्थांना मदतनिसाने त्यांच्या लघवीचा रिपोर्ट वाचून दाखवला. रिपोर्ट नॉर्मल होता, हे सगळ्यांचंच नशीब.

म्हणजेताईने सगळी वर्णनं नव्याने लिहिली. टूल काय आणतं, काय आणत नाही, कसा प्रश्न आला तर वापरावं. 'सापडलं नाही' आणि 'झालंच नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तिने प्रोग्रामरला इतक्या वेळा ऐकवलं की तो तिला येताना पाहूनच मान डोलवू लागला.

घरी अप्पा होते, तिचे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डावा डोळा लहानपणीच अधू झालेला, आणि आता उजव्यात मोतीबिंदू. सोमवारी ऑपरेशन होतं, पण आधी साखरेचा रिपोर्ट चांगला यायला हवा होता. टेबलावर शेजारणीचं घड्याळ उघडून, वर फडकं टाकून ठेवलेलं होतं.

"डोळा आला की पहिलं हे," अप्पा म्हणाले.

"डोळा आला नाही, अप्पा. सुधारला. डोळे येणं वेगळं."

त्यानंतर अप्पा तिच्याशी त्या विषयावर बोलले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ते लवकर जेवून उठले. "उद्या सकाळी रक्त द्यायचंय. उपाशीपोटी."

"बुधवारी दिलंत ना?"

"ते हरवलं वाटतं."

"हरवलं म्हणजे?"

"झालं हिचं सुरू," म्हणून अप्पा आत गेले.

रविवारी ती त्यांच्याबरोबर गेली. रिपोर्ट जागच्या जागी होता, साखरही उत्तम होती. पण अप्पांच्या नावावर नवी तपासणी लागलेली पाहून ऑपरेशन विभागाने सोमवारची त्यांची जागा दुसऱ्याला दिली होती, आणि डॉक्टर मंगळवारपासून रजेवर जाणार होते. नर्सने वहीत पुढच्या महिन्याची तारीख घातली. अप्पा "बरं" म्हणाले.

सोमवारी तिने मदतनिसाच्या नोंदींतून अप्पांचा कॉल उघडला. शुक्रवारी अप्पांनीच फोन केला होता: "माझ्या परवाच्या तपासणीचं काय झालं?" मदतनीस म्हणाला होता, "परवा तुमची कोणतीही तपासणी नाही. नोंदवू का?" अप्पा आज्ञाधारकपणे "नोंदवा" म्हणाले होते.

मदतनिसाने व्हायच्या तपासण्यांचं टूल उचललं होतं. तिने प्रोग्रामरला बोलावलं आणि त्याच्यासमोर वर्णन मोठ्याने वाचलं: "'उद्या', 'परवा', 'पुढच्या आठवड्यात' असं विचारल्यास हे टूल वापरावं. कुणी लिहिलंय हे?"

"तुम्ही," प्रोग्रामर म्हणाला. मग त्याने अगदी अदबीने विचारलं, "ताई, परवा म्हणजे?"

होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा, दोघांना एकाच नावाने हाक मारणाऱ्या भाषेत ती जन्मापासून राहत होती, आणि जगाला 'म्हणजे' विचारता विचारता हे एक तेवढं विचारायचं राहिलं होतं.

घरी आल्यावर ती अप्पांजवळ बसली. "चूक माझी होती, अप्पा. पण रिपोर्टचं मला का नाही विचारलंत? मी तिथेच तर असते."

अप्पा घड्याळावरचं फडकं नीट करत बसले. "तुला एक विचारलं की तू चार विचारतेस. म्हटलं, मशीन आहे, उलट विचारणार नाही."

हे तिला लागलं. त्या रात्री तिने एकदाही 'म्हणजे?' विचारलं नाही, आणि घरात ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने तपासण्यांच्या दोन्ही टूल्सच्या वर्णनात भर घातली: "नुसतं 'परवा' म्हटल्यास अंदाज करू नये. होऊन गेलेला की येणारा, हे आधी विचारावं."

पुढच्या महिन्यात, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, अप्पांनी तिच्या देखतच हॉस्पिटलला फोन लावला. स्पीकर चालू होता. "माझं परवाचं काय आहे, तेवढं सांगा."

"परवा म्हणजे?" मदतनिसाने विचारलं. "होऊन गेलेला, की येणारा?"

अप्पांनी फोन कानापासून दूर धरला आणि धूसर डोळ्याने लेकीच्या दिशेने पाहिलं.

"येणारा," ते म्हणाले. आणि तिच्याकडेच बघत, फोनला म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस."