दखनीचा ढीग

कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की विद्याधर नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये थोडा वेळ असा काही वास सुटतो, की वाटतं आपण एखाद्या सावलीच्या नदीकाठी आडवे झालोय. आणि मग सीकर रोडवरची तापलेली धूळ खिडकीतून आत येऊन त्या वासावर बसते आणि जयपूर पुन्हा जयपूर होतं. त्या मधल्या ओलसर वेळात काका बोलायचे. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. विमा कंपनीतले अधिकारी, बदलीवर इथे आले आणि इथेच निवृत्त झाले. काकू इथेच गेली, मुलगी परदेशात, आणि मला इथे नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे बॅग घेऊन हजर झालो. पोटासाठी मी दिवसभर कॉम्प्युटर बडवतो, पण मूळचा मी नकलाकार. म्हसवडच्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्या शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज काढून मार आणि टाळ्या सारख्याच खाल्ल्यात. काकांची नक्कल मी त्यांच्यासमोरच करायचो, विशेषतः जेवताना माझ्या ताटावर पोळी धरून ते लाडीगोडीने म्हणायचे त्या "अजून एक"ची. ते हसायचे आणि हसता हसता छातीवर हात ठेवायचे. त्या हाताची मला अलीकडे भीती वाटायला लागली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

काकांना आता एकच गोष्ट हवी होती. आमच्या घराण्यात सांगत आलेत की मराठ्यांच्या फौजा उत्तरेत आल्या तेव्हा भिवाजी नावाचा आमचा पूर्वज इकडेच थांबला, जयपूरच्या राज्यात जमीन मिळवली, मोठा जमीनदार झाला आणि इथेच मेला. त्याची बायकामुलं मात्र दक्षिणेत परत आली. ती का परतली, हे आमच्यात कुणी कधी विचारलं नाही. भिवाजीची समाधी शोधायची, तिथे एक दिवा लावायचा, एवढंच काकांचं मागणं. "इतकी वर्षं झाली, तरी या शहरात भाड्याने राहिल्यासारखं वाटतं रे," ते म्हणायचे. "आपलं कुणीतरी इथल्या मातीत आहे असं कळलं, तर मला जायला सोपं जाईल." यावर मी एक जोक करून बघितला. पडला.

चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या, एका गल्लीत, जिथे लाखेच्या बांगड्यांच्या भट्ट्यांनी हवा गोड आणि जड झालेली असते, तिथे वंशावळ्या तोंडपाठ म्हणणारे एक रावजी आम्हाला भेटले. डोळे मिटून, नाकातून, एका संथ चालीत ते त्या भागातल्या जमीनदारांची नावं म्हणत गेले, आणि मी मनातल्या मनात ती चाल गळ्यात बसवत होतो, कारण घरी जाऊन काकांना हसवायचं होतं. भिवाजी दखनी हे नाव आलं आणि रावजी थांबले. सुपारीचं खांड तोंडात टाकून बराच वेळ चघळत बसले. मग गावाचं नाव सांगून म्हणाले, "इसके आगे का हम नहीं बोलते, बाबूजी. वहीं जाकर पूछ लो." काकांना तो आदर वाटला. मलाही.

ते गाव विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या मागे, बरंच आत. कारखान्यांचा ग्रीसचा आणि जळक्या रबराचा वास हळूहळू विरत जातो आणि मग नुसतं ऊन उरतं, पांढरं, आवाज नसलेलं, आणि त्यात अधूनमधून उभी खेजडीची झाडं. ज्येष्ठातली दुपार होती. गावाबाहेर एक कोरडा तलाव, आणि त्याच्या बांधावर दगडांचा एक ढीग, माणसापेक्षा उंच. बांधावरून एक म्हातारी शेळ्या घेऊन येत होती. ढिगापाशी आल्यावर ती वाकली, एक दगड उचलून तिने त्यावर ठेवला, आणि स्पष्ट, स्वच्छ मराठीत म्हणाली, "अजून एक."

काकांनी माझं मनगट धरलं. ज्या शहरात भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, पुढे पुढे स्वतःच्या मुलीशीही हिंदीत बोलत आयुष्य गेलं, तिथे एका अनोळखी म्हातारीच्या तोंडून आईची भाषा आली होती. आमच्याकडे घाटातल्या देवाला जाता येता दगड वाहतात, तसाच हा. मूर्ती नसलेला, पण पिढ्यान्पिढ्या पूजला गेलेला आमचा भिवाजी. काकांनी चपला काढल्या, तापलेल्या मातीत अनवाणी उभे राहिले आणि एक दगड वाहून त्यांनी डोकं टेकवलं. डोळे पुसत गाडीत जाऊन बसले आणि माझ्या वडिलांना फोन लावला. "अरे, लोक पूजा करतात त्याची! मराठीत!" त्यांचा आवाज बांधापर्यंत ऐकू येत होता.

मी म्हातारीपाशी थांबलो. तिचं नाव धापू. तिने मला बसायला सावली दिली, मी तिला तिच्याच शेळीचा आवाज काढून दाखवला, ती पदरात तोंड लपवून खूप हसली. मग मी म्हटलं, अम्मा, आता तुमचा मंत्र ऐका. आणि काकांच्या त्या पोळीच्या आवाजात, अगदी मऊ, लाडिक, मी म्हणालो, "अजून एक."

तिचं हसू जागच्या जागी गोठलं. ओढणी पुढे ओढून ती माझ्याकडे बघत राहिली.

"ये आवाज तूने कहाँ सुनी?"

"क्यूँ अम्मा?"

"म्हारी दादी-सास ऐसे ही बोलकर बच्चों को डराती थी. दखनी की आवाज है ये."

मग तिने सांगितलं. दुष्काळाचं वर्ष होतं, दखनीला हा तलाव हवा होता, आणि गावाला मजुरी न देता बांधावर जुंपलं होतं. तो तिथल्या खेजडीखाली खाटेवर बसायचा. बाई डोक्यावर दगडांची पाटी घेऊन उभी राहिली, चालायला पाऊल उचललं, की तो म्हणायचा, अजून एक. आणि वर एक दगड ठेवायला लावायचा. उपाशी बाया होत्या, काही पोटुशा होत्या. जी पडली ती उठली नाही. तिला भरावातच घेतलं, तिच्यावर बांध चढत गेला.

"गुस्से में नहीं बोलता था," धापू म्हणाली. "प्यार से बोलता था. जैसे मेहमान को रोटी परोस रहा हो."

तो मेला तेव्हा गावाने त्याला जाळलं नाही, इथेच पुरला. त्याने उठू नये म्हणून येणारा-जाणारा त्याच्यावर एक दगड ठेवतो, आणि त्याचाच शब्द त्याला ऐकवतो. अर्थ काय ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तो शब्दच नव्हता, दगड ठेवतानाचा आवाज होता. "तू किसका है रे?" तिने विचारलं. खरं सांगायचं टाळून मी म्हटलं, कंपनी का.

घरी येताना काका सबंध रस्ता बोलत होते. पुढचे कित्येक दिवस बोलत राहिले. दगड काढून चौथरा बांधायचा, वर संगमरवराची पाटी, मराठीत. त्यांच्या गालांवर रंग आला होता, औषधं वेळेवर घेत होते, डॉक्टरसुद्धा खूश होते. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? रात्री जेवताना ते पोळी पुढे करायचे आणि मी घाईने ताटावर हात आडवा धरायचो. त्यांना वाटलं, ऑफिसात खाऊन येतो.

शेवटी गवंडी ठरला आणि आम्ही पुन्हा त्या बांधावर उभे राहिलो. लू सुटली होती, कोरड्या तलावाच्या भेगांतून भट्टीसारखी हवा वर येत होती. गवंडी अजून पोचला नव्हता, पण काकांना धीर नव्हता. त्यांनी ढिगावरचा वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला.

"भाटा मत उठाओ, बाबूजी!" धापू शेळ्या सोडून धावत आली.

"घबराओ मत, अम्माजी," काका हसत म्हणाले. "हम इन्हीं के खानदान के हैं."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि ती मागे सरकत गेली, वाटेत साप दिसल्यावर माणूस सरकतो तशी.

"काय झालं रे हिला?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. कुणाचाही आवाज न काढता, सगळं. बाया, पाट्या, भराव, खाट. दगड त्यांच्या हातात तसाच होता. मी त्यांच्या छातीकडे बघत होतो. "प्यार से," एवढंच मी गाळणार होतो. तेही गाळता आलं नाही.

काकांनी पायाखालच्या बांधाकडे पाहिलं. मग त्यांनी जिथून उचलला होता तिथेच तो दगड ठेवला, हलत नाही ना ते तळव्याने दाबून पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही ठेव. जरा जड बघून घे."

मी वाकून एक दगड उचलला. तो हाताला भाजत होता. तिथली रीत म्हणून ते दोन शब्द ओठांपर्यंत आले, पण ते कुणाच्या आवाजात म्हणायचे, ते मला कळेना.