मेनूत नसलेलं पान

आमच्या चटणीची वेबसाइट माझ्या मुलीनं केली. ऊन तापायला लागलं की आम्ही गच्चीवर मिरची वाळवायचो, कांदा-खोबरं भाजायचो, डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, सगळं कुटून आणायचो आणि ओळखीपाळखीत विकायचो. ती म्हणाली, पुण्या-मुंबईची माणसं हल्ली फोनवर बघून मागवतात, आपणही तसं करू. तिनं मोबाइलवरच सगळं जुळवलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत मला बोलायला सुचत नाही. गिऱ्हाइकाचा फोन आला तरी मी तो सुनेच्या हातात देते. मुलीला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं पानं लावायचं काम मला दिलं.

"हितं कुणासंगं बोलाय लागत न्हाय, आई. बोटानं सरकवायचं नुसतं."

"चुकलं तर?"

"चुकलं तर परत सरकवायचं. मिरची हाय व्हय, डोळ्यात जायला?"

तिनं मला सांगितलं, घर समज. पानं म्हणजे खोल्या आणि मेनू म्हणजे दारावरची पाटी. पाटीवर लिहिलंय तेवढंच पाहुण्याला कळतं. पण एखादी खोली पाटीवर नाही लिहिली, तर ती खोली नाहीच असं होत नाही.

पहिल्याच दिवशी मी लोणच्याचं पान वर न्यायला गेले. बोट जरा उजवीकडं घसरलं आणि ते पान चटणीच्या पानाखाली आत जाऊन बसलं, दिसेनासं झालं. मी घाबरले. ती पोट धरून हसली.

"आई, चटणीनं लोणचं गिळलं की गं!"

मग तिनं चटणीच्या नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवलं. लोणचं आत सुखरूप होतं.

तिनं एक पान स्वतःसाठी केलं होतं, 'चटणी कशी करतो'. त्यात तिचा फोटो होता. नाकाला ओढणी बांधलेली, हात कोपरापर्यंत मिरचीत. मी फोटोला उभी राहत नाही, म्हणून माझे नुसते हात आले होते. खाली तिनं सगळी कृती लिहिली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती डंकावरच्या मुलाबरोबर गेली. आम्ही मिरची न्यायचो तोच डंक. मुलगा आमच्या जातीतला नव्हता. लग्न करून दोघं शिरोळकडं राहायला गेली एवढं कळलं. ह्यांनी घरातल्या सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, माणूस गेल्यावर करतात तशी. मीही डोक्यावरून पाणी घेतलं. तेव्हापासून आम्ही मिरची लांबच्या डंकावर नेतो. तिचं नाव घरात कुणी काढत नाही, आणि माझा फोन धंद्याचा, तो सगळ्यांच्या हातात असतो.

आंघोळीनंतर थोड्याच दिवसांनी जेवताना हे मला म्हणाले, "त्या वेबसाइटवर अजून तोंड दिसतंय तिचं. काढून टाक. गिऱ्हाइकं इचारत्यात, ही कोण म्हणून."

सून म्हणाली, "आत्या, मी काढू का?"

मी म्हटलं, "नको, मी काढते."

पानाच्या नावापुढं तीन टिंबं असतात. ती दाबली की दोन गोष्टी येतात, 'पान काढून टाका' आणि 'मेनूतून लपवा'. मी लपवा दाबलं. ह्यांनी आपल्या फोनवर बघितलं आणि म्हणाले, "गेली." मग भाकरी कुस्करायला घेतली.

पण पानांच्या यादीत ते पान अजून दिसत होतं, फिकट झालेलं. मुलगा कागलच्या एमआयडीसीतून आला की कधीमधी भाव बदलायला ती यादी उघडायचा. म्हणून मी ते पान सरकवून 'दिवाळी फराळ'च्या पोटात घातलं. फराळाचं पान दिवाळी सोडून वर्षभर कुणी उघडत नाही.

दुपारी घर निजलं की मी ते पान उघडायची. फोटो बघायची, बंद करायची.

एका दुपारी फोटो वेगळा होता. मला वाटलं मीच काही चुकीचं दाबलं. एक लहानशी गॅसची शेगडी, शेजारी आमचीच बरणी, तळाला बोटभर चटणी. खाली एकच ओळ होती, 'चटणी संपत आली.'

वेबसाइट तिनंच केलेली, पासवर्ड तिच्याकडं होता. मी लपवलेलं पान तिनं शोधून काढलं होतं. पदर तोंडात धरून मी ती ओळ परत परत वाचली. मग एकेक अक्षर शोधून मी खाली लिहिलं, 'ओला चमचा घालू नये. वास लागतो.'

कुणी उघडलं तर चटणीचंच पान दिसायला हवं होतं.

तिचं उत्तर आलं. मग आम्ही तसंच बोलत राहिलो, चटणीतून. तिनं स्वतः केलेल्या चटणीचा फोटो टाकला आणि लिहिलं, 'खोबरं करपलं, कडू झाली.' मी लिहिलं, 'आच बारीक ठेवावी. घाई करू नये.' ती लिहायची, 'इकडची मिरची रंगाला कमी आहे.' मी लिहायची, 'ब्याडगी मिसळावी.' तू कशी आहेस, तो बरा वागतो का, सासू काय म्हणते, यातलं एक अक्षर आम्ही लिहिलं नाही. लांबच्या डंकावर चटणीला पहिल्यासारखा रंग येत नाही, हे मात्र मी तिला लिहिलं.

गणपती झाल्यावर तिनं लिहिलं, 'डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितलं आहे.'

मी ते वाचलं आणि लगेच समजले. पहिलटकरीण माझी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. शेजारणीची मुलगी तेव्हा बाळंतपणाला गारगोटीहून आली होती, पाय पसरून दारात बसायची, आणि शेजारीण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिला काय गोडच लागत न्हाय बघा." मी मान हलवायची आणि घरात यायची.

मला लिहायचं होतं, ये. पण कुठं ये? ह्या घरात? बऱ्याच दिवसांनी मी लिहिलं, 'कितवा महिना?' त्यात चटणी कुठंच नव्हती.

तेवढ्यात दिवाळीची गडबड सुरू झाली. चिवडा, चकल्या, करंज्या. सून आणि मी चुलीपुढून उठत नव्हतो. फोन दिवसभर मुलाकडं असायचा, मागण्या तोच बघायचा. त्यानं फराळाचं पान पाटीवर आणलं. माझं पान लपवलेलं होतं, ते दिसलं नाही. तिनं उत्तर दिलं असेल, असं करंज्यांच्या कडा दाबताना सारखं मनात यायचं.

दिवाळी झाली. मुलगा उरलेला चिवडा खात बसला होता. मला म्हणाला, "आई, फराळाचं पान काढून टाकलं बघ. पुढच्या वर्सी नवीन भावानं नवीन करू."

मी विचारलं, "लपवलंस का काढलंस?"

"काढलं की. खालचं पान बी जाईल म्हणाला फोन, जाऊ दे म्हटलं. जुनं कायतरी हुतं आत. आणि पासवर्ड बदलला. जुना तिच्याकडं असंल न्हवं का."

मुद्दाम केलं नव्हतं त्यानं. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात तो सांगत होता. मी डबा धुवायला उठले.

आता ती आत येऊ शकत नाही. पण बाहेरून तर बघता येतं, जसं कुणालाही येतं. म्हणून मी एक नवं पान केलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांना दिसेल असं पाटीवर लावलं. नाव दिलं 'बाळंतिणीचा खाऊ'. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा. कुठला लाडू कधी खायचा, किती खायचा, दूध कमी आलं तर काय करायचं, सगळं लिहिलं. इतकं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. सुनेनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि डिंकाचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

हे म्हणाले, "ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"गिऱ्हाइकं विचारतात."

मागण्या खरंच यायला लागल्या. हे म्हणाले, "बरा हाय की ह्यो धंदा, बाराही म्हैनं चालंल."

लोकांच्या मुलींसाठी मी लाडू वळते. सून पत्ते लिहिते, आणि ती लिहीत असताना मी तिच्या खांद्यावरून बघते. सांगलीचा असतो, पुण्याचा असतो. शिरोळकडचा एकदा आला, पण नाव दुसरंच होतं. तरी त्या डब्यात मी दोन लाडू जास्त घातले.

एव्हाना ती बाळंत झाली असेल. कुणी अंग शेकलं असेल का तिचं, मला माहीत नाही. मुलगा झाला की मुलगी, तेही माहीत नाही.