अन्य चौदा

माझे साडू जगातल्या कुठल्याही माणसाचं नाव घेत नाहीत. रागानं नाही, विसरतात म्हणूनही नाही, तत्त्व म्हणून. दिल्लीतल्या द्वारकेत त्यांच्या दारावर नावाची पाटी नाही, नुसता फ्लॅटचा नंबर आहे, आणि पार्सलवाले खालून फोन करकरून थकतात. लग्नात सगळ्यांनी 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणून भंडावलं तेव्हा या गृहस्थांनी उखाणा घेतला, "ताटात वाढली जिलबी, पहिला गोड घास, एका व्यक्तीला भरवतो आज खास." ती एक व्यक्ती म्हणजे माझी मोठी मेव्हणी. तो उखाणा आठवला की ती आजही भांडी आपटते. मी ही हकीगत पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझा घास हातातच राहिला होता.

एकदा आमची दोन्ही कुटुंबं पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेली. आता पानिपतात चूक कोणाची हा वाद तिथे उभं राहून घालायचा नाही, तर एवढं पेट्रोल जाळायचं कशाला? मी एका सरदाराला दोषी धरलं, बायकोनं दुसऱ्याला. साडूंना विचारलं तर म्हणाले, "एकाची चूक झाली, दुसऱ्यानं ऐकलं नाही, तिसरा निघून गेला. नावं कशाला?" मी म्हटलं, पानिपतातून नावं काढली तर उरतं काय? "मेलेले उरतात," असं म्हणून ते सगळ्यांसाठी चहा आणायला गेले. दोघी बहिणी होळीला पुरणपोळ्या करतात आणि कोणाची चांगली झाली ते साडूंनाच विचारतात. गेली कित्येक वर्षं त्यांचा निकाल एकच आहे, "दोन्हींपैकी एक उत्तम आहे."

या माणसाला पोटापाण्यासाठी मिळालेलं कामही नेमकं नावं झाकायचं. नोएडात पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारी आमची कंपनी आहे. मी विक्रीत, साडू रिपोर्ट बनवण्यात. आम्ही विक्रीवाले पंधरा जण. कॉम्प्युटरवर आपलं नाव निवडलं की आपल्या विक्रीची पट्टी नावानिशी उभी राही, आणि बाकीच्या चौदा पट्ट्यांखाली नुसतं 'अन्य एक', 'अन्य दोन' असं येई. आपण कितवे ते कळावं, दुसरा कोण ते कळू नये, ही साडूंची करामत. मी माझं नाव निवडलं की माझी पट्टी सगळ्यात शेवटी दिसे, बुटकी आणि केविलवाणी. म्हणजे इतरांच्या पडद्यावर मी होतो 'अन्य चौदा'. सलग तीन वर्षं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. दर महिन्याला दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली की मी जाहीर करायचो, "याही महिन्यात पहिल्या तिनात बरं का!" माझी बायको अभिमानानं बहिणीकडे बघायची. साडू मुकाट्यानं कढी भुरकायचे. एकदा मी हळूच चाचपून पाहिलं, "तुम्हाला तरी दिसतं का हो, कोण कुठे आहे?" ते म्हणाले, "झाकलेलं असतं." मी निर्धास्त झालो. थाप मारणारा माणूस किती भोळा असतो ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मग ती मीटिंग आली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पंधरा पट्ट्या, कोणाचंच नाव निवडलेलं नाही, म्हणून सगळीच नावं झाकलेली. नवे साहेब वैतागले. "अरे यार, ये अन्य-वन्य बहुत हो गया. पर्दा हटाओ. पता तो चले सबसे नीचे कौन बैठा है!"

आज ऑफिसात कळणार, उद्या घरी.

साडू उठले. भाजीवाल्यालाही कधी नाही न म्हणणारा माणूस म्हणाला, "नहीं हटेगा, सर."

"कोई टेक्निकल प्रॉब्लेम है?"

"जी नहीं. मैं नहीं हटाऊँगा."

साहेबांनी साडूंचं नाव आडनावासकट, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं घेतलं, पाचदा तरी घेतलं. साडू मान खाली घालून उभे राहिले. मधेच त्यांनी एकदा वर पाहिलं, पंधरा जणांतून नेमकं माझ्याकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. मी हबकलोच. अहो, झाकणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असायचंच की! तीन वर्षं मी या माणसासमोर बढाया मारत होतो आणि तो कढी भुरकत होता.

परतीच्या मेट्रोत मी विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"घरी ताईंनाही नाही सांगितलंत?"

"माझे वडील फौजेत होते," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "छावणीतल्या शाळेत निकाल नंबरवार फळ्यावर लावायचे. एकदा माझं नाव शेवटी होतं. आईला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या एका बाईनं तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं." कोण बाई, ते अर्थातच त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात रिपोर्टचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना शहराबाहेरच्या गोदामात पाठवलं. तिथे नावं नसतात, नुसती खोकी असतात. नव्या रिपोर्टात सगळ्यांची नावं ठळक दिसतात. मी आता तेरावा आहे. त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, पण माझी नजर दर वेळी पंधराव्या नावावर जाते, आणि ते नाव वाचल्यावर मला त्या माणसाशी जिन्यात धड बोलताही येत नाही. मेट्रोतही आता शेजारची जागा दुसरंच कोणी घेतं.

होळीला जेवताना मेव्हणीनं विचारलं, "काय मग, अजून पहिल्या तिनात ना?"

"कधीच नव्हतो," मी म्हणालो. "तीन वर्षं शेवटचा होतो. ह्यांना माहीत होतं."

बायकोचा वाढता हात थांबला. मेव्हणी नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "आणि आता शेवटी कोण आहे?"

नाव माझ्या जिभेवर होतं.

"एक व्यक्ती," मी म्हणालो.

साडूंनी ताटातून मान वर केली. मग एक पुरणपोळी उचलून माझ्या ताटात ठेवली. दोघींपैकी कोणाची, ते मी विचारलं नाही.