झूल पांघरलेला ट्रॅक्टर

मानवत रोड स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्या अंगावर मनमाडपासूनचा कोळसा होता आणि दाजींच्या अंगावर परीटघडीचा सदरा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. "चला मेव्हनीबाई, गाडी दारात हाय," ते म्हणाले. साताऱ्याहून मी पहिल्यांदाच बहिणीच्या सासरचा पोळा बघायला निघाले होते आणि मनात जीप धरून चालले होते. बाहेर आले तर ट्रॅक्टर.

साधासुधा ट्रॅक्टरही नव्हे. दोन्ही दिव्यांना बाशिंगं, धुराड्याला बेगडी कागद आणि तोंडावर एकीवर एक बांधलेल्या दोन मखमली झुली, आरशाचे तुकडे लावलेल्या. पुढची जाळी, नावाची पट्टी, सगळं झुलीखाली गडप. मडगार्डवर सुमनचे सासरे, आबा, नवरदेवाच्या बापासारखे ताठ बसले होते.

"काल खांद्याला तूप-हळद चोळून खांदेमळणी केली का याची?" मी विचारलं.

"केली की, रंगाऱ्याच्या दारातच. याचा खांदा कुठला ते सापडंना, म्हनून चाकाला चोळलं," आबा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

हसू आवरून मी दुसऱ्या मडगार्डवर बसले. वाटेत दाजींनी एकंदर पेच सांगितला. हा जुना ट्रॅक्टर त्यांनी उन्हाळ्यात घेतला आणि घरची बैलजोडी विकली. गावात पोळ्याला वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी यांच्या घरची जाते, तो त्यांचा पिढीजात मान. बैलच नाहीत म्हटल्यावर मान दुसऱ्या घराला द्यावा, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आबांनी चावडीत ठणकावलं की आमच्या घरी जे औत ओढतं ते तोरणाखालून जाईल. गाव कबूल झालं, पण दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टर वेशीत हवा. ट्रॅक्टर रंगवून द्यायला मानवतच्या रंगाऱ्याने मात्र आज-उद्या करत नेमका पोळ्याचाच दिवस उजाडवला होता.

पाथरी मागे पडली आणि ट्रॅक्टर फुसफुसू लागला. उष्णतेचा काटा लाल पट्टीत गेला, झुलीच्या गोंड्यांमधून वाफ निघू लागली. दाजींनी इंजिन बंद केलं, बरीच वाट पाहिली, मग ओलं फडकं धरून रेडिएटरचं टोपण बेताबेताने उघडलं. जवळच्या विहिरीवरून पाणी आणून भरलं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला.

"पट्टा ठीक हाय," ते म्हणाले.

तासाभरात पुन्हा तेच. या वेळी आम्ही बाभळीखाली बसून सुमनने दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेइतकी वाढली होती आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. शिंगं रंगवलेली जोडी घेऊन एक गडी चालला होता. त्याने आमच्याकडे पाहून बैल थांबवले.

"काय राव, बैल बसला का?"

"दम खायलाय," दाजी म्हणाले.

"पेंड चारा की लेकाला!" असं म्हणून तो हसत पुढे गेला. त्याचे बैल आमच्या ट्रॅक्टरपेक्षा वेगाने जात होते. मी दाजींना म्हटलंही, आपण त्यांच्या मागे दोर बांधून जाऊ या. दाजी हसले, पण आबा हसले नाहीत. ते ऊन कुठवर कललं ते बघत होते.

गोदावरीच्या पुलाअलीकडे ट्रॅक्टर तिसऱ्यांदा उकळला. एसटीचा एक चालक गाडी थांबवून खाली उतरला आणि आत पाणी फिरत नसेल, असं निदान करून निघून गेला. दाजींनी पुन्हा पाणी भरलं. पुन्हा पट्टा दाबला. तेल पाहिलं, नळ्या चाचपल्या. ट्रॅक्टरच्या पोटात जे जे होतं त्या सगळ्याला हात लावून झाला. फक्त तोंडासमोर ते उभेच राहत नव्हते.

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण दाजी झुलीकडे बघत आणि लगेच मान फिरवत, हे मला कळत होतं. सुमनचं माझ्याशी भांडून झालं की ती अशीच मान फिरवते. मी झुलीखाली हात घातला. आत भट्टी होती. वारा शिरायला बोटभर फट नव्हती.

"झूल काढून बघू या का?" मी हळूच विचारलं.

दाजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. आबांनी मात्र ऐकलं होतं.

"पोळ्याची झूल तोरणाखालून गेल्याबगर उतरवीत न्हाईत, लेकी," ते म्हणाले.

दिवस कासराभर उरला होता. मी पाहुणी, माझं बोलणं फार तर साताऱ्याच्या खात्यावर गेलं असतं.

"आबा, बैलाला झूल घालताना ती नाकावरून घालता का हो?"

आबा उठले. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभे राहिले, झुलीवर हात ठेवला आणि मग तो तिच्याखाली घालून पाहिला.

"नाकच झाकलं की मी मुक्या जनावराचं," ते म्हणाले. मग दाजींकडे वळले. "भगवान, तुला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं."

"मग कामून बोलला न्हाई?"

दाजी हातातलं फडकं पिळत राहिले. ते कोरडंच होतं.

"बैलं ईकली तवा तुमी दोन दिवस जेवले न्हाईत," ते म्हणाले. "आता झूल बी काढा, असं कोन्या तोंडानं सांगू?"

आबांनी गाठी सोडल्या, दोन झुली वेगळ्या केल्या आणि एकेका मडगार्डवर एकेक पसरली. "झूल पाठीवर असती," ते एवढंच म्हणाले. आमच्या बसायच्या जागा गेल्या, म्हणून मी आणि आबा उरलेली वाट मागच्या लोखंडी पट्टीवर एकमेकांना धरून उभे राहिलो. काटा काही पुन्हा लाल पट्टीत गेला नाही.

वेशीत पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. सगळ्या गावाचे बैल मागे रांगेत खोळंबलेले आणि ज्यांना मान हवा होता ते पुढे सरकून उभे. धुराडं आंब्याच्या तोरणाला अडकलं, मग दोघांनी काठीने तोरण उचलून धरलं आणि आमचं औत पहिलं आत गेलं. सुमनने चाकांवर पाणी घातलं, दिव्यांना कुंकू लावलं आणि पुरणपोळी कुठे भरवावी हे न सुचून इंजिनाच्या टपावर ठेवली. टप गरमच होता, पोळी खरपूस झाली. ती पुढे दाजींनी खाल्ली, गुळवणीबरोबर.

दोन दिवसांनी मी सोनपेठच्या एसटी स्टँडवर परतीच्या गाडीत बसले. नामांतराच्या घोषणांनी रंगलेल्या भिंतीपाशी बापलेक दोघेही मला पोचवायला उभे होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर. गाडी सुरू झाली तसे आबा खिडकीशी आले.

"लेकी, त्याला सांग," ते म्हणाले, "बैलं ईकली ते बरंच केलं. ती थकली व्हती."

मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्यांना सांगा, ऐकलं म्हनून," दाजी म्हणाले.

मी दोघांचेही निरोप पोचवले, चालत्या एसटीतून, ओरडून. घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, मराठवाड्यात काय पाहिलंस? दोन माणसं पाहिली म्हटलं. हातभर अंतरावर उभी होती, आणि एकमेकांच्या मनाला धक्का लागू नये म्हणून मधे बोलायला त्यांनी जणू मला साताऱ्याहून बोलावून घेतलं होतं.