बावीस शेरांची पोर

आमच्या वडिलांचा माणसांवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. नंदुरबारच्या बाजारात ते मिरचीचा व्यापार करत. शहादा आणि प्रकाशा या गावांकडून ओल्या लाल मिरचीच्या गाड्या यायच्या. ती मिरची गावाबाहेरच्या पथारीवर, म्हणजे झाडून साफ केलेल्या मोकळ्या जमिनीवर पसरायची, उन्हात वाळवायची आणि मग पोत्यांत दाबून पुढे धाडायची. ओला माल वाळला की वजन उतरतं, त्याला घट म्हणतात. या एका शब्दाने वडिलांचं डोकं खाल्लं होतं. गवळ्याच्या दुधात, सोनाराच्या कामात, व्याह्यांच्या बोलण्यात, जिथे बघावं तिथे त्यांना घट दिसायची.

मला शाळेत घालायची गोष्ट निघाली, तेव्हा ती त्यांना माझ्यातही दिसली. आमच्या आळीतली एक मुलगी दोन वर्षं शाळेत जाऊन काडीसारखी झाली होती. तिला हिवताप होता हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वडिलांचं निदान मात्र पक्कं होतं, पोर पुस्तकाने वाळली. आई महिनाभर हात जोडत राहिली तेव्हा ते कसेबसे कबूल झाले, तेही अट घालून. पोर शाळेत जाईल, पण दर शनिवारी दुपारी काट्यावर बसेल. पहिल्या दिवशी मी बावीस शेर भरले. बावीसच्या खाली उतरले की शाळा त्याच दिवशी बंद.

मी आठ वर्षांची होते. मिरचीच्या तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात लोखंडी वजनं, आणि आजूबाजूला नाक पुसणारे हमाल. मला शिंक आली की काटा हलायचा आणि वडील म्हणायचे, माल स्थिर ठेवा.

आता सगळी भिस्त डब्यावर आली. शाळेत मास्तर आरोग्याचा पाठ शिकवत. मुलांनी पालेभाजी, ताक, काकडी, एखादं फळ असं खावं, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते घरी येऊन आईला सांगितलं. आईने दुसऱ्या दिवशी मेथीची भाजी आणि काकडी बांधली. वडिलांनी दारातच फडकं सोडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काकडी म्हणजे नुसतं पाणी, भाजी म्हणजे नुसतं पाणी. पाण्याचं वजन व्यापारात कुणी धरत नाही, ते उद्या उडून जाणार. डब्यात जाईल तो माल कोरडाच पाहिजे, असा हुकूम सुटला.

तेव्हापासून माझ्या डब्यात सुकं खोबरं, गूळ, शेंगदाणे, फुटाणे, डिंकाचे लाडू आणि तुपात बुडवून काढलेली बाजरीची भाकरी असे. भाकरीतलं तूप ओलं की कोरडं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी थिजलेलं चालेल असं ठरलं. दर शनिवारी अर्धा पाव वाढला नाही की सोमवारी डब्यात दोन लाडू जास्त पडत. पुढे पुढे डबा इतका जड झाला की तो वाहून माझी दमछाक होऊ लागली. शाळेत पोचेपर्यंत माझंच थोडं वजन वाटेत सांडत असणार.

आणि त्यातलं मी खाल्लं असेन तर शपथ. पहिल्या आठवड्यातच असलं खाऊन पोटाला तडस लागली होती. माझ्या शेजारी बसणारी मुलगी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि अंबाडीची भाजी आणायची, कधी सोबत कांद्याची हिरवी पात. ती माझे लाडू खायची, मी तिची भाजी खायचे. दोघींची तब्येत सुधारली. माझं वजन बावीसच्या वर राहिलं ते तिच्या आईच्या अंबाडीवर, आणि वडील बाजारभर सांगत फिरले की कोरड्या मालाला तोड नाही.

मग पौषात मला ताप आला. आठ दिवस पेजेवर होते. उठले तेव्हा परकर कमरेवर राहीना. शनिवार दोन दिवसांवर होता. शाळा जाणार या विचाराने मी रडून रडून उशी भिजवली. आई वडिलांपुढे कधीच उलट बोलत नसे, मान हलवायची आणि आपलं काम करायची.

शनिवारी काट्यावर जायच्या जरा आधी तिने मला सहा केळी खायला लावली. त्यावर दोन तांबे पाणी पाजलं. मग परकराची खालची दुमड उसवून तिने त्यात दोन शेरांचं लोखंडी वजन घातलं आणि टाके मारले. वजन वडिलांच्याच दुकानातलं होतं.

मी चोवीस शेर भरले.

हमालांनी वाहवा केली. वडिलांनी केली नाही. उभा जन्म त्यांनी शेतकऱ्यांची पोती तपासण्यात घालवला होता. पाणी शिंपडून आणलेली मिरची त्यांना वासावरून कळायची. तापातून उठलेली पोर दोन शेर चढते कशी? त्यांनी माझे केस चाचपले, तळवे दाबून पाहिले आणि निकाल दिला.

"हाऊ माल वल्ला शे. येले पहिले सुकू द्या."

मला पथारीवर नेऊन मिरचीच्या मधोमध उन्हात बसवलं. दोन तासांनी पुन्हा वजन होणार होतं. चहूकडे लालभडक मिरची, नाकातून धार, डोळ्यांतून धार. वडील छत्री घेऊन बाजूला उभे होते. छत्री त्यांच्याच डोक्यावर होती, मालावर सावली पडून चालत नाही. पोटातलं दोन तांबे पाणी तासाभरातच बाहेर पडायला बघू लागलं. मी तशीच उठून पळाले आणि टाके तुटून वजन त्यांच्या पायावर पडलं.

त्यांनी ते उचललं, फिरवून पाहिलं आणि ओळखलं. सकाळपासून ते दुकानात हेच शोधत होते. मला दंडाला धरून त्यांनी घरी आणलं, पाटी-पुस्तक मागितलं. शाळा संपली होती. मला इतकी लाज आणि इतका राग आला होता की रडूही येईना.

आई चुलीपुढून उठली. पदर सावरून उंबऱ्यात आली आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली.

"मिरची सुकीसन निम्मी व्हई जास. तवय तुम्ही ती फेकी देतस का? सुकेल मिरचीच ते वरीसभर टिकस. आनि मन्ही पोर दोन शेर सुकनी ते शाया बंद?"

बाजारात वडिलांना कुणी असं पकडलं नव्हतं. त्यांनी ते वजन या हातातून त्या हातात केलं. मग म्हणाले, सोमवारी डब्यात मेथी दे. आणि दुकानात निघून गेले. मी पुढे सातवी पास झाले, पण काट्यावर पुन्हा बसले नाही.

बोलताना आईने हात वर केला होता, तेव्हा तिच्या बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेल्या होत्या. पूर्वी त्या मनगटावर घट्ट बसायच्या. घरातलं तूप, गूळ, खोबरं सगळं महिनोन्‌महिने माझ्या डब्यात चाललं होतं आणि ती उरलेली भाकरी ठेच्याशी खाऊन उठत होती. त्या हिवाळ्यात आमच्या घरात खरी घट तिची झाली होती. तिला काट्यावर बसवावं, असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.