चाचांची अट

आमच्या शेजारच्या चाचांइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही. आणि कुठे असलाच, तर चाचांना त्याचाही संशय असणार. केजमध्ये आम्ही भिंतीला भिंत लावून तीस वर्षं राहतोय, तरी होळीला पुरणपोळी दिली की ताट घेण्याआधी विचारणार, "कावून?" अहो, सण आहे म्हणून! दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरून बघणार. चौसाळ्याला जायचं तर ड्रायव्हर स्वतः बसल्याशिवाय जीपमध्ये पाय ठेवणार नाहीत. डॉक्टरनं गोळी दिली, तर "आदी तुमी खा," असं त्यालाच सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा ठाम विश्वास होता: घरात मर्द कव्वाम, म्हणजे कारभारी. नमाजाहून आले की ओट्यावर बसून हेच. "बाईच्या हातात कारभार गेला की घर बसलं समजा, बाई." मला, एका निवृत्त शिक्षिकेला, तोंडावर सांगायचे! मी कसली गप्प बसते? म्हटलं, "चाचा, तुमच्या घरात मीठ कुठं असतं ते तरी माहीत आहे का?" तर डोळे बारीक करून म्हणाले, "हे तुमाला चाचीनं सांगितलं का?"

त्यांची धाकटी लेक मदरशात शिकून आलिमा, म्हणजे धर्माची जाणकार झालेली, वर बी.एड.; मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. ती रोज बापाशी हुज्जत घालायची. "अब्बा, कव्वाम म्हणजे मालक नाही. घरच्यांसाठी उभा राहणारा. कारभार दोघांच्या मशवऱ्यानं, सल्ल्यानं चालवायचा." आजकालचे आलिम काय लिहितात ते मोबाइलवर काढून दाखवायची. चाचा मोबाइल उलटा करून मागची बाजू बघायचे. "कुणी लिवलं? कावून लिवलं?" वर्षभर चाचा काही बधले नाहीत.

मग तिचं लग्न आष्टीला जमलं. तिथल्या शाळेत तिला जागाही मिळत होती. पण सासरे गोडगोड बोलता बोलता दोनदा म्हणाले, "नोकरीचं मग बघू." लेकीचा चेहरा उतरला. चाचांचे कान टवकारले. "मग म्हंजे कवा?"

निकाहच्या दिवशी मी नवरीजवळ पडद्याआड बसले होते. पलीकडे काझीसाहेब निकाहनामा वाचता वाचता अडखळले. शर्तींचा रकाना सगळे कोराच सोडतात म्हणे. चाचांनी तो भरला होता: मुलगी नोकरी करील, आणि घरातला मोठा निर्णय तिच्या मशवऱ्याशिवाय होणार नाही.

सासरे उसळले. "समधीसाब, घरचा कव्वाम मर्द, असं गावभर तुमीच सांगता ना? मग ही अट कावून?"

लग्न मोडतंय की काय, असं मला वाटलं. लेकीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

"कव्वाम म्हंजे उभा राहणारा," चाचांचा आवाज आला. "मालक न्हाई. माझ्या लेकीनं शिकवलंय मला. मी उभा हाय."

कुणी काही बोलायच्या आत नवरदेव म्हणाला, "मला कबूल हाय." लेक हमसून हमसून रडली, मीही रडले. फक्त चाची रडल्या नाहीत.

आठेक दिवसांनी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. चाचा दारात येऊन चाचींना म्हणाले, "आज भाजी कंची? तुझा मशवरा काय?" मला हसू फुटलं. चाचींनी मान वर केली नाही.

"मला बालवाडीच्या नोकरीचा हुकूम आलता," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "तवा कुटं गेलता मशवरा?"

चाचा दारातच उभे. "म्हाईत हाय. मीच फाडला तो कागद. तू कमवाया लागलीस की मला कोण इचारतंय, असं वाटलतं."

तव्यावरची भाकरी करपली. चाचींनी तीच वाढली, चाचांनी मुकाट्यानं खाल्ली, आणि मला काही तिथं बसवेना.